आवळायचा राहिलेला नट

गेल्या वर्षी पुण्याचं एक जोडपं रामेश्वरला जाता जाता तंजावूरला अडकलं. त्यांची व्हॅन म्हणजे चाकांवरचं घर होतं. पलंग, पंखा, शेगडी, हातभर उंचीचा फ्रीज. रात्रभर पंखा आणि फ्रीज चालला, सकाळी पंखाही चालेना आणि गाडीही. चार रिक्षावाल्यांनी ढकलत ती माझ्या दुकानाशी आणली.

मी पलंगाखालची पेटी उघडली आणि तोंडातून निघून गेलं, "हें कोणी केलें? दोन बॅटऱ्या सरळ तारेनें जोडिल्या आहेत की!"

बाई दचकल्या. गृहस्थ म्हणाले, "तुम्ही मराठी? इथे?"

म्हटलं, "तीन-साडेतीनशें वर्षें झालीं. आतां परत जावयाचें राहून गेलें."

ते हसले. म्हणाले, तुमची भाषा आमच्या पणजोबांच्या पत्रांतली वाटते. गाडी दुरुस्त होईपर्यंत गप्पा झाल्या. ते दिवाळी अंक काढतात. निघताना म्हणाले, तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा, आमच्या वाचकांना आवडतील. मी लिहिलेलं त्यांनी थोडं आजच्या वळणाला आणलं आहे. बोललेली वाक्यं मात्र आम्ही बोलतो तशीच ठेवायला सांगितली आहेत.

गमती आहेत पुष्कळ. पण लिहायला बसलो की हात एकाच ठिकाणी जातो. त्यामुळे आधी धंदा काय आहे ते सांगतो, मग ते सांगतो.

माझे वडील जन्मभर दुसऱ्याच्या दुकानात बॅटऱ्या चार्ज करत होते. लग्नातल्या लाउडस्पीकरच्या, ट्रॅक्टरच्या. त्यांच्या प्रत्येक वेष्टीला, म्हणजे लुंगीसारख्या धोतराला, अॅसिडची भोकं असायची. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. फिजिक्समध्ये बी.एस्सी. झालो तेव्हा नोकरी मिळाली नाही, म्हणून वडिलांनी साठवलेल्या पैशांत मेडिकल कॉलेजच्या रस्त्याला गाड्यांच्या वायरिंगचं दुकान काढलं. बोर्ड रंगवायला आला तेव्हा वडील स्वतः उभे राहिले. माझ्या नावापुढे बी.एस्सी. नावाएवढ्याच मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं. रंगारी म्हणाला, "अण्णा, वायर जोडायला डिग्री कशाला?" वडील म्हणाले, "तूं लिही." बोर्ड दोनदा बदलला, अक्षरांचा आकार मी बदलला नाही. मला त्याचा अभिमान आहे, आणि तो मी लपवत नाही.

आता बॅटऱ्यांचं. इंजिनापाशी असते ती बॅटरी एकदम जोर लावणारी. किल्ली फिरवली की दोन सेकंदांत अंगातली सगळी ताकद देते, इंजिन सुरू होतं आणि इंजिनच तिला पुन्हा भरतं. पंखा, दिवा, फ्रीज यांना लागते हळूहळू दिवसभर देणारी बॅटरी. पहिलीकडून दुसरीचं काम करून घेतलं की ती मरते आणि तुम्ही रस्त्यात बसता. म्हणून गाडीत राहायचं असेल तर दोन बॅटऱ्या लागतात आणि दोघींच्या मध्ये एक दार लागतं. इंजिन चालू असलं की दार उघडं, दोघी भरतात. इंजिन बंद झालं की दार बंद. मग घरची बॅटरी तुम्ही किती का वापरा, गाडीच्या बॅटरीला धक्का लागत नाही. पूर्वी हे दार म्हणजे साधा रिले असायचा, आता एक शहाणी पेटी मिळते. पुण्याच्या त्या गाडीत दारच नव्हतं.

याहून गूढ माझ्या धंद्यात काही नाही. बाकी सगळं तारेची जाडी, फ्यूज आणि नट. लोक हजारो रुपयांची बॅटरी घेतात आणि नटाकडे बघत नाहीत. सांधा सैल असला की तिथे तार तापते, वीज तिथेच खर्च होते आणि पुढच्या यंत्राला वाटतं बॅटरी संपली. ते बंद पडतं. बॅटरी मात्र भरलेलीच असते.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची. पापनाशमच्या एका स्वयंपाक्याला लग्नाला जाता जाता व्हॅनमध्ये इडलीचं पीठ वाटायचं होतं, ग्राइंडर बॅटरीवर. मी कागदावर हिशेब मांडून दाखवला की एवढ्या बॅटऱ्या ठेवल्या तर तांदूळ ठेवायला जागा उरणार नाही. तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही शिकलात फार, म्हणून घाबरता." शिकल्याचा असा अर्थ मला आणखी कुणी सांगितला नाही.

शिकल्याचा मी दुकानात एकच उपयोग केला. कॉलेजच्या प्रयोगशाळेत आमची जोडणी तपासून झाली की वहीत लाल टिंब मिळायचं. टिंबाशिवाय स्विच लावायची परवानगी नव्हती. तेच मी दुकानात आणलं. नट पान्याने आवळला की त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. नेलपॉलिश पुसलं जात नाही, आणि नट केसभर जरी फिरला तरी ठिपका मोडलेला दिसतो. नियम दोन वाक्यांचा. ठिपका नाही तर काम झालेलं नाही. ठिपका आहे तर पुन्हा पाना लावायचा नाही, कारण या नव्या बॅटऱ्यांचे आटे नाजूक असतात, जास्त आवळले की खराब होतात. बांगड्यांच्या दुकानातली बाई दर महिन्याला बाटली देताना विचारायची, "अण्णा, तुम्हांला मुली किती?" मी सांगायचो, "मुलगी एकही नाही, नट दोनशें आहेत."

मनोहर राव सार माझ्याकडे आले त्याला आता तीन वर्षं झाली. आमच्याकडे मास्तरांना सार म्हणतात. ओरत्तनाडूच्या शाळेत त्यांनी भूगोल शिकवला, निवृत्त होऊन तिथेच राहिले. आमच्यातलेच, मराठी बोलणारे. एक जुनी बारा सीटची व्हॅन त्यांनी घेतली होती, सीट काढून मागे पलंग बसवला होता. खिशातून त्यांनी घडी घातलेला कागद काढला. त्यावर एका यंत्राचं नाव आणि किती वीज लागते ते सुवाच्य अक्षरात लिहिलेलं.

"हें ऑक्सिजनचें यंत्र," ते म्हणाले. "बायकोला लागतें. सारा दिवस. हें गाडींत चालेल कां?"

मी म्हटलं, घरी येऊन यंत्र मोजल्याशिवाय सांगणार नाही.

ओरत्तनाडूला गेलो. सरोजा अक्का ओसरीवरच्या खुर्चीत होत्या. फुप्फुसांचा आजार. आतल्या खोलीत यंत्र घरघरत होतं, त्यातून एक बारीक नळी निघून त्यांच्या नाकापर्यंत आली होती. बाई किडकिडीत, डोळे मात्र बारीकसारीक पाहणारे.

"या," त्या म्हणाल्या. "पायांत नळी बघा. माझें दावें बारा फुटांचें आहे. ओसरीपर्यंत येतें, पायरीला पुरत नाहीं. दोन वर्षें झालीं, आमची गाय माझ्यापेक्षां जास्त फिरून येते."

सार म्हणाले, "मी बारा फुटांची आणखी एक आणितों म्हंटलें."

"चोवीस फुटांत काय समुद्र येतो?"

त्यांना समुद्र बघायचा होता. त्यांचं माहेर पट्टुकोट्टैच्या पुढे, मनोऱ्याजवळ. सरफोजी राजांनी समुद्राकाठी बांधलेला तो मनोरा, त्याच्या पायथ्याशी त्या लहानपणी खेळलेल्या. एक दिवस आणि एक रात्र तिथे गाडी लावून राहायचं, पहाटे उजाडताना समुद्र पाहायचा आणि परत यायचं. एवढंच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, यंत्र थांबणार नसेल तर जा.

मी तारेभोवती मीटरचा चिमटा लावून यंत्राची भूक मोजली. हिशेब केला. इंजिन बंद असतानाही सहा तास चालेल एवढी बॅटरी, मध्ये दार, यंत्राला घरच्यासारखी वीज देणारा इन्व्हर्टर, दिवसा छपरावर सोलर पॅनल, दर काही तासांनी थोडा वेळ इंजिन सुरू ठेवायचं. शिवाय ऑक्सिजनचा एक छोटा सिलिंडर जवळ ठेवायचा, तासाभराचा, तो मीच हट्टाने सांगितला.

अक्का सगळं ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला हिशेब समजत नाहीं. एकच सांगा. थांबणार नाहीं नां?"

मी म्हणालो, "अक्का, मी बी.एस्सी. आहें. नाहीं थांबणार."

त्या खुदकन हसल्या. "मग झालें," म्हणाल्या. "ऐकलेंत कां? बी.एस्सी. आहेत म्हणे."

काम संपत आलं तेव्हा नवरात्र आलं होतं. आमच्याकडे नवमीला आयुधपूजा. सगळी हत्यारं धुऊन देवीपुढे ठेवायची, गाड्यांना गंध-कुंकू, लिंबं, कोहळा फोडायचा. एकदा पूजेत ठेवलेलं हत्यार दसऱ्याच्या सकाळपर्यंत उचलायचं नाही. माझे वडील त्या दिवशी साधा स्क्रू-ड्रायव्हरही हातात घेत नसत. मीही घेतला नाही कधी.

सारांना गाडी दसऱ्याला, चांगल्या दिवशी, न्यायची होती. नवमीच्या दुपारी मी पलंगाखालच्या पेटीत वाकून होतो. घरच्या बॅटरीचे दोन नट आणि फ्यूजचे तीन, असे पाच. चार आवळले, चार ठिपके दिले. पाचवा, बॅटरीच्या ऋण टोकाचा. तार बसवली, नट बोटाने फिरवून ठेवला आणि हात मागे करून म्हटलं, "तेराचा पाना."

सेल्वम, दुकानात बावीस वर्षं माझ्या सोबतीला असलेला, म्हणाला, "पूजेत गेला, अण्णा. तुम्ही फ्यूज बघत होतात तेव्हां मी धुवून नेला."

माझी बायको कमला ताट घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, "एकच नट आहे. दोन मिनिटांचें काम."

"आतां काढावयाचा नाहीं," ती म्हणाली. "देवीपुढें ठेविला तो ठेविला. एकच आहे तर उद्यां करा. कोणी पळवीत नाहीं तुमचा नट."

तिचं बरोबर होतं. मला तेव्हा काही विचित्र वाटलं नाही. मी त्या नटाला ठिपका दिला नाही. नियम तो नियम. डोक्यात ठेवलं की उद्या सकाळी पहिलं काम हे. कागदावर लिहिलं नाही. दोन मिनिटांच्या कामासाठी कोण लिहितं?

पूजा झाली. कमलाने हत्यारांना, मीटरला, बॅटऱ्यांना, बोर्डाला कुंकू लावलं. तिच्या सासूने शिकवल्याप्रमाणे ती कुंकू तेलात कालवते, म्हणजे ते पडत नाही.

दसरा शनिवारी होता. शनिवारी राहुकाल नऊला लागतो, त्याआधी गाडी निघायला हवी होती. दुकानापुढे पूजेला आणलेल्या रिक्षा, मोटरसायकली, त्यांच्या चाकांखाली लिंबं. सार आठलाच आले, पांढरी वेष्टी, कपाळाला विभूती, पुनःपुन्हा घड्याळ बघत होते. मनात काहीतरी राहिल्यासारखं टोचत होतं. मी पेटीचं झाकण उचललं, टॉर्च मारला. पाच नट, पाच लाल ठिपके. सेल्वम माझ्या आधी येऊन पूजेतले पाने उचलून गेला होता. म्हटलं, त्याने उरकलं. टोचणं थांबलं. मी त्याला विचारलं नाही. ठिपका आहे तर पाना लावायचा नाही.

दहा मिनिटं यंत्राएवढा भार लावून पाहिलं. सगळं ठीक. बोटाने आवळलेला नट दहा मिनिटं तग धरतो.

सार गाडी घरी घेऊन गेले. चौथ्या दिवशी दोघं समुद्राकडे निघाले. सकाळी दहाला सारांचा फोन, "पोंचलों. गाडी अगदीं समुद्रापाशीं लाविली आहे. ती दार उघडून बसली आहे." मागून अक्कांचा आवाज, "सांगा त्यांना, दावें आतां समुद्रापर्यंत आलें म्हणून." त्या दिवशी मी जेवताना दोनदा कमलाला तेच सांगितलं.

तीनच्या सुमाराला पुन्हा फोन.

"यंत्र थांबलें," सार म्हणाले. "शिटी वाजली आणि थांबलें."

"इंजिन सुरू करा. दार उघडेल, लगेच चालेल."

मी इंजिनाचा आवाज ऐकला. मग त्यांचा, "नाहीं चालत."

"दोन मिनिटें थांबा. इन्व्हर्टर बंद करून परत लावा."

त्यांनी लावला. सुरू झाला आणि पुन्हा शिटी वाजवून थांबला. मी म्हटलं, आणखी एकदा. मला समजतच नव्हतं. माझ्या हिशेबात ती बॅटरी भरलेली होती. खरोखर भरलेलीच होती. मागे अक्कांचा श्वास ऐकू येत होता, दोन शब्दांमध्ये थांबून थांबून ओढलेला. त्या म्हणत होत्या, "सिलिंडर. सिलिंडर काढा." मला आधी सुचायला हवं होतं ते त्यांना सुचलं. चार-पाच मिनिटं मी माझ्या जोडणीवर विश्वास ठेवण्यात घालवली.

सारांनी सिलिंडर लावला, अक्कांना पुढच्या सीटवर बसवलं, सिलिंडर दोन्ही गुडघ्यांत धरायला दिला आणि पट्टुकोट्टैच्या इस्पितळाकडे गाडी हाणली. मी सेल्वमच्या मोटरसायकलवर मागे बसून निघालो. पोहोचलो तेव्हा अक्का खाटेवर होत्या, तोंडावर मोठा मास्क. ओठ अजून निळसर. मला पाहून त्यांनी मास्क जरा वर केला.

"समुद्र बघितला," म्हणाल्या. नर्सने मास्क पुन्हा खाली ओढला.

संध्याकाळी घरी आलो. कमला दारातच उभी. सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली आणि रडू लागली.

"मी काय कमी केलें देवीला?" ती म्हणाली. "ऑक्सिजनची गाडी म्हणून मी तर एकही नट सोडिला नाहीं. चारांवर तुमचा लाल ठिपका होता, एकटा उघडा दिसला, बरें वाटलें नाहीं. त्याला कुंकू मीं हातानें लाविलें. तरी असें कसें झालें?"

मी म्हणालो, "यंत्रें कधीं कधीं जातात." आणि आत गेलो.

दुसऱ्या दिवशी मी पट्टुकोट्टैला जाऊन इस्पितळाच्या आवारात उभी असलेली व्हॅन उघडली. पेटीत जळक्या प्लास्टिकचा वास. ऋण टोकावरची टोपी वितळून वाकडी झालेली, तारेचं टोक काळं. ठिपका जागेवर होता. मी अंगठा फिरवला. नट बोटांनी फिरला, आणि अंगठा लाल झाला.

सार मागे येऊन उभे होते. मी हात खिशात घातला.

"काय झालें होतें?" त्यांनी विचारलं.

"नट सैल झाला होता."

ते म्हणाले, "मी मोठ्या रस्त्यानें नाहीं आणिली. कालव्याच्या कडेनें आणिली. फार खड्डे. गाडी सारखी आपटत होती. धक्क्यांनीं नट सैल होतात कां?"

"होतात," मी म्हणालो.

एवढाच शब्द. तो खोटा नव्हता, म्हणून बोलायला सोपा गेला. धक्क्यांनी सैल होतात, हे कुठल्याही मेकॅनिकला विचारा. सार मान हलवत राहिले. म्हणाले, "तुमचें काम चांगलें होतें. माझें चुकलें."

खरं सांगितलं तर कमला त्यात ओढली जात होती. मी सांगितलं असतं, तर सारांनी कुणाला तरी सांगितलं असतं आणि ओरत्तनाडूहून तंजावूरला बातमी यायला एक बस पुरते. कमलाला समजलं असतं की तो ठिपका तिचा होता. ती तो जन्मभर स्वतःच्या बोटावर घेऊन फिरली असती. असं मी स्वतःला सांगत होतो. त्यात खरं होतं. पण बोर्डावरची अक्षरंही त्यात होती, हेही खरं आहे.

अक्का आठ दिवसांनी घरी आल्या. मी नवी तार, नवं टोक बसवून, नट पान्याने आवळून गाडी नेऊन दिली. त्या ओसरीवर येईनाशा झाल्या होत्या. खोलीत, यंत्राच्या अगदी शेजारी. नळीचं वेटोळं तिथेच पडलेलं. मी म्हटलं, "अक्का, गाडी ठीक केली आहे. परत जाऊं या, मी स्वतः बरोबर येतों."

"नको," त्या म्हणाल्या. "घरचा करंट बरा." मग जरा थांबून, "तुम्ही मनाला लावून घेऊं नका. तुमच्याकडून कांहीं झालें नाहीं."

त्या खोलीत आम्ही तिघंच होतो. सांगायला त्याहून चांगली वेळ मला पुन्हा मिळाली नाही. मी कॉफी प्यालो आणि उठलो.

चैत्राचा उन्हाळा लागायच्या आत त्या गेल्या. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसंच तशी होती. त्या दुपारचा त्यात वाटा किती, हे कुठल्याही मीटरवर मोजता येत नाही. मी पुष्कळ प्रयत्न केला आहे.

पावसाळ्याच्या शेवटी सारांनी बोलावलं. गाडीतल्या बॅटऱ्या काढून न्या, कुणाच्या उपयोगी पडतील. गेलो. व्हॅन अंगणात ताडपत्रीखाली होती. यंत्र खोलीतच, वर धुतलेला पंचा. नळी गुंडाळून खिळ्याला लावलेली. मी पाना हातात घेतला आणि तो नट उघडता उघडता थांबलो. म्हटलं, आता नाही सांगितलं तर हा नट काढला की सांगायला काही उरणारच नाही.

मी सगळं सांगितलं. पूजा, पाना, ठिपका, कुंकू, अंगठा. कमलाचं नाव घेतलं नाही. घरच्यांनी लावलं, एवढंच म्हटलं. सार भूगोलाच्या मास्तरासारखे ऐकत होते, मध्ये एकदाच विचारलं, "म्हणजे खड्ड्यांचा संबंध नव्हता?"

"थोडा असेल. पण मोठ्या रस्त्यानें नेली असतीत, तरी थांबलेंच असतें. तासभर उशीरा."

ते ओट्यावर बसले. म्हणाले, "कालव्याच्या रस्त्यानें चला म्हणून तिनेंच सांगितलें होतें. माहेरच्या वाटेवर तिच्या शाळेचें गांव लागतें, तें बघावयाचें होतें. मी कितीदां म्हंटलें, माझें चुकलें. ती ऐकत नव्हती. म्हणावयाची, मीं हट्ट केला, माझ्या हट्टानें गाडी मोडली, तुम्हांला धांवावें लागलें. शेवटच्या आठवड्यांतही तेंच."

मी पाना खाली ठेवला.

"सहा महिने होती की ती," सार म्हणाले. "तुम्ही दोनदां येऊन गेलांत."

त्यांनी आवाज चढवला नाही. उठून आत गेले. मी बॅटऱ्या काढल्या, तारा गुंडाळल्या, पेटीचं झाकण लावलं. तंजावूरच्या बाजूला कुणाच्याही घरून, भांडून निघालं तरी, कॉफी न घेता निघता येत नाही. त्या दिवशी मला कुणी कॉफी विचारली नाही. मी दारातून म्हटलं, "येतों, सार."

त्या बॅटऱ्या मी विकल्या नाहीत. दुकानाच्या मागे आहेत. महिन्यातून एकदा चार्ज करतो, मरू देत नाही. कशासाठी, ते मला सांगता येत नाही.

ठिपके आता हिरवे असतात. बांगड्यांच्या दुकानातली बाई म्हणाली, हिरवं नेलपॉलिश कोण लावतं? मी म्हटलं, आमचे नट लावतात. कमलाने विचारलं तेव्हा सांगितलं, लाल मिळेनासं झालं. तिला ते पटलं. म्हणाली, बरेंच झालें, आतां माझें कुंकू उठून दिसेल. नवमीच्या दुपारी मी तेराचा एक जास्तीचा पाना खिशात ठेवतो. देवीला माहीत असेल. कमलाला माहीत नाही.

मला नागरी लिपी येते ती हिंदीच्या परीक्षा दिल्या म्हणून. कमलाला येत नाही. ती मराठी बोलते, वाचते मात्र तमिळ. आमच्याकडे बहुतेकांचं तसंच आहे. म्हणून हे मी इथे लिहू शकलो. अंक पोस्टाने आला की ती विचारेल, तुमचें नांव कोठें आहे, आणि मी बोट ठेवून दाखवीन. काय लिहिलें आहे, विचारेल. मी म्हणेन, बॅटऱ्यांविषयीं. मग ती अंक देव्हाऱ्यात नेईल. घरात नवीन काही आलं की ती तेलात कालवलेलं कुंकू लावते. या पानालाही लावील.